आठ प्लायचं टायर

“मग सहा प्लायचं घेऊ, की आठ?”

रेवागिरी महाराज मेथी खुडत होते. खुडता खुडता थांबले… आणि पुन्हा खुडू लागले.

“महाराज, मी टायरचं विचारतोय.”

“ऐकतोय की. प्लाय म्हणजे काय?”

“थर. टायरच्या आतले थर. थर जास्त, तेवढं टायर टणक.”

“माणसासारखंच म्हणायचं,” महाराज म्हणाले आणि मेथीची जुडी पुढं केली. त्यात निम्मं गवत होतं.

रणधीर उतेकरनं गवत निवडून काढलं. गेले काही महिने मठात भाजीत गवत यायचं आणि सगळे गपगुमान खायचे, कारण खुडणाऱ्याला दिसत नव्हतं.

महाराजांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. घोडं अडलं होतं ते तिथं.

वाघजाईच्या पठारावरचा मठ म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक धुनी. खाली पायथ्याला सावरघळ. डोळ्यांच्या डॉक्टर बाई महिन्यातून एकदा सावरघळला यायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे बघायच्या आणि दुपारी आपल्या गाडीत घालून ऑपरेशनला घेऊन जायच्या. गाडी निघाली की निघाली, मग महिनाभर नाव नाही.

महाराजांची ती गाडी दोनदा चुकली होती. आता बाईंनी निरोप धाडला होता की या खेपेला आणा. आणखी लांबवलंत तर डोळे हातचे जातील, मग मला दोष देऊ नका.

निरोप ऐकून रणधीरला दोन दिवस अन्न गोड लागेना. महाराजांना लागत होतं. गवतासकट.

“डोली करू,” गावातल्या चार पोरांनी सांगून पाहिलं होतं. “खांद्यावर अलगद नेतो.”

“चार खांद्यांवर एकदाच जायचं असतं,” महाराज म्हणाले होते. “उगाच दोनदा त्रास कशाला?”

गुडघे चालू देत नव्हते. उरली ती एटीव्ही.

ही एटीव्ही पुण्याच्या एका भक्तानं मठाला दिलेली. हँडल मोटारसायकलचं, चाकं मात्र चार, ढोबळी ढोबळी. डोंगरवाट, चिखल, ओढा, कुठंही घुसते. चालवायची रणधीरनं, कारण भगवं अंगावर घ्यायच्या आधी चिखलातल्या शर्यतीत त्यानं दोनदा ढाल मारलेली. संसार सोडला, दाढी वाढवली, पहाटे उठून नामस्मरण करू लागला. पण गाडीवर मांड टाकली की जुना रणधीर जागा व्हायचा. जित्याची खोड ती, भगव्यानं झाकते थोडीच.

पठारावरून उतरताना निम्म्या वाटेवर एक वळण लागतं. जमिनीतून काळे धारदार दगड वर आलेत, जबडा वासल्यासारखे. लोक त्याला दातखीळ म्हणतात. पहिलं टायर तांदूळ आणताना फुटलं, दातखिळीला. दुसरं महाराजांना डॉक्टरकडं नेताना, दातखिळीला. तिसरंही नेताना, आणि कुठं ते सांगायला नको.

तिसऱ्या खेपेला तर महाराज मागच्या मागं पडले. रणधीर टायरच्या नक्षीबद्दल त्यांना काहीबाही समजावत होता आणि बराच वेळ समजावत राहिला. पुढं टायर फुटून गाडी थांबली, तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. तसाच धावत वर गेला, तर महाराज कारवीच्या झुडपात मांडी घालून बसलेले.

“आलास?” महाराज म्हणाले. “नक्षीचं काय सांगत होतास?”

फुटलेली टायरं मठातच होती. पहिल्यात तुळस लावलेली, दुसऱ्यात मेथी, आणि तिसऱ्यात मांजर व्यालं होतं.

“हे बघा,” रणधीर आता म्हणाला. दुकानदारानं नमुन्याला वर धाडलेली दोन्ही टायरं त्यानं महाराजांच्या पुढ्यात गडगडत आणली. “हे सहा प्लायचं. मऊ आहे, दगडाला धरून चालतं. हे आठ प्लायचं. ह्याच्या बाजूच्या भिंतीसुद्धा जाड आहेत. आपलं दर वेळी बाजूनंच फाटतं, महाराज. दगड बाजूनं कापतो.”

महाराजांनी एकावर हात फिरवला, मग दुसऱ्यावर. मग हात लांबवून मेथीच्या टायरवर ठेवला.

“हे टिकलं बघ.”

“ते फुटलंय, महाराज.”

“फुटल्यापासून टिकलंय.”

रणधीरनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. गुरू म्हणून माणूस थोर, पण टायरमधलं काही म्हणजे काही कळत नाही, असं त्याचं तिथं पक्कं मत झालं. त्यानं आपल्या अकलेनं आठ प्लायचं ठरवलं. एक नाही, चारही. बसवली, हवा मोजली, वरून पाणी मारून पुसून काढली.

डॉक्टर बाईंचा दिवस उजाडला. रणधीरनं हळदकुंकवाचं ताट आणलं.

“महाराज, नव्या टायरला कुंकू लावा. तुमच्या हातचं असू दे.”

महाराजांनी चिमूट घेतली, अंदाजानं हात पुढं केला. टायर राहिलं बाजूला, कुंकू टेकलं रणधीरच्या नाकाला.

“लागलं?”

“लागलं. पण मला.”

“मग बरोबर लागलं,” महाराज म्हणाले आणि ताट बाजूला केलं.

गाडीवर पुढं रणधीर, मागं महाराज. या खेपेला रणधीरनं त्यांना उपरण्यानं आपल्या कमरेशी बांधून घेतलं. उन्हं वर यायला लागली होती. खाली सावरघळच्या शाळेजवळ डॉक्टर बाईंची पांढरी गाडी दिसत होती, इवलीशी.

“निघू?”

“थांब. ही पळते कशानं?”

“इंजिनानं.”

“ते झालं रे. तू काय करतोस?”

“इथं उजव्या मुठीखाली खटका आहे. अंगठ्यानं दाबायचा. जेवढा दाबाल तेवढी पळते.”



“रणधीर, किती वर्षं झाली तुला माझ्याकडं?”

“चार, महाराज.”

“दक्षिणा काही दिली नाहीस.”

“तुम्हीच म्हणालात, नको म्हणून…”

“आता हवी. अंगठा दे.”

गुरूनं अंगठा मागितल्याची गोष्ट रणधीरनं शाळेत ऐकली होती. गुरुजींनी ती फार रंगवून सांगितली होती, सुरीसकट.

“कुठला…?”

“दाबतोस तो.”

त्यानं हात मागं केला. केला, एवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे.

महाराजांनी आपल्या छाटीचा काठ दातांनी टरकन फाडला. त्या चिंधीनं रणधीरचा अंगठा तळव्याशी घट्ट बांधला, दोन गाठी मारल्या, आणि हात परत हँडलवर ठेवला.

“चल.”

“महाराज, अंगठा बांधला तर चालवू कसा?”

“उतार आहे ना?”

उतार होता. जवळजवळ सगळी वाट उताराचीच होती. हे चार वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण उतारावरही तो खटका दाबूनच असायचा.

गाडी निघाली. इंजिन नुसतं घुरघुरत होतं, गाडी डुलत होती, आणि वेग म्हणाल तर एक म्हैस मागून आली आणि पुढं निघून गेली.

रणधीरला म्हशीचा मत्सर वाटला.

“महाराज, गाडी चुकेल.”

महाराज मागं डुलत राहिले.

“महाराज, डॉक्टर बाई निघून जातील. सोडा अंगठा. मी पाया पडतो.”

“टायर कितीचं घेतलंस?”

“आठ प्लायचं.”

“मग भितोस कशाला?”

रणधीरला रडू फुटलं. खरंखुरं रडू. “टायर गेलं खड्ड्यात,” तो म्हणाला. “तुमचे डोळे जातील हो. या माणसाला माझ्यामुळं दिसायचं राहिलं, असं आयुष्यभर मनाला लागून राहील माझ्या.”

पाठीवर मागून एक हात फिरला, सावकाश, मघाशी टायरवर फिरला होता तसाच.

वाटेत एक ओढा आला. ओढ्यापलीकडं छोटासा चढ. गाडी तळाशी येऊन थांबली. आता उतार नव्हता.

“बघा,” रणधीर नाक ओढत म्हणाला. “आता?”

महाराजांनी त्याच्या काखेखालून आपला उजवा हात पुढं काढला. चाचपत चाचपत खटका शोधला.

“डोळे तुझे,” ते म्हणाले. “अंगठा माझा. काय दिसतंय ते सांग.”

“समोर दगड आहे. डावीकडं.”

म्हाताऱ्या अंगठ्यानं खटका जरासा दाबला. गाडी जराशी सरकली.

“आता?”

“आता वाट मोकळी आहे.”

“कुठवर?”

“त्या झाडापर्यंत.”

झाडापर्यंत जाईल एवढाच अंगठा दाबला गेला.

“आता?”

चढ संपला, तरी हात काढला नाही. तसेच ते दातखिळीला आले. रणधीर वाकून वाकून बघत होता, सांगत होता. हा दगड उजवीकडं, हा चाकाच्या मधून, इथं जरा थांबा, हा फार धारेचा आहे. या वळणावर किती दगड आहेत, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. इतके दिवस तो फक्त वळणाच्या पलीकडं बघत आलेला.

दातखीळ मागं पडली. टायर फुटलं नाही.

सावरघळच्या शाळेपाशी पोचले, तेव्हा पांढरी गाडी जागेवर होती. डॉक्टर बाई कट्ट्यावर बसून चहा पीत होत्या.

“अरे वा,” बाई म्हणाल्या. “आज लवकर?”

रणधीरनं वर बघितलं. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता.

महाराजांना गाडीत बसवून दिलं. मग रणधीरच्या अंगठ्याची गाठ सोडायची राहिलीच. जेवताना, अंघोळीला, अंगठा तसाच बांधलेला. लोकांनी विचारलं, लागलं काय रे? तो म्हणाला, होय, लागलं.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे झाल्यावर महाराज काही दिवस खाली एका भक्ताकडं राहिले. डॉक्टर बाईंनी तपासून वर जायची परवानगी दिली, तेव्हा रणधीर शाळेपाशीच ठेवलेली गाडी ढकलत घेऊन हजर झाला. महाराज काळा चष्मा घालून दारात उभे. चष्मा वर करून त्यांनी शिष्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तू एवढा काळा आहेस होय.”

“उन्हातान्हात असतो, महाराज.”

“बरा दिसतोस,” महाराज म्हणाले. मग गाडीकडं वळले. “ही लाल आहे? मला कुणी सांगितलं नाही लाल आहे म्हणून.”

त्यांनी हँडल बघितलं, खटका बघितला, आठ प्लायच्या टायरला पायानं ढोसून बघितलं. आणि रणधीर काही बोलायच्या आत पुढं मांड टाकून बसले.

“महाराज, मी चालवतो ना.”

“तुझा अंगठा बांधलाय,” महाराज म्हणाले. “बस मागं.”

रणधीर मागं बसला. गाडी सुरू झाली. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं.

“अरे ती बघ करवंदं. केवढी लागलीत… आणि तो मोर. रणधीर, मोर बघ. हे आभाळ इतकं निळं आहे? आणि हे फूल कसलं म्हणायचं…”

दर ‘बघ’ला अंगठा खाली जात होता. रणधीरला कळत होतं, पण गुरूला सांगायचं कसं? एकदा तो हळूच म्हणाला, “महाराज, पुढं दातखीळ आहे.”

“दिसतेय की,” महाराज म्हणाले. “लख्ख दिसतेय.”

रणधीर मागच्या मागं उडाला तो थेट कारवीत. कारवीत पडल्या पडल्याच त्यानं वरून आवाज ऐकला, फट्ट.

तो उठला आणि धावत सुटला. “महाराज, डोळ्यांना काही लागलं नाही ना? महाराज…”

महाराज एका दगडावर बसले होते. चष्मा जागेवर होता, डोळेही. शेजारी गाडी एका अंगावर कललेली. आठ प्लायचं टायर बाजूनं फाटलं होतं, चांगलं वीतभर. महाराज ते निरखून बघत होते.

रणधीर समोर उभा राहिला. धापा टाकत, केसांत कारवीची पानं घेऊन.

झाडीत मोर ओरडला. महाराजांनी तिकडं बघायला मान वळवली… आणि अर्ध्यातच थांबवली.

मग त्यांनी रणधीरचा हात ओढून घेतला. दोन्ही गाठी एकेक करून सोडल्या. चिंधी झटकली, त्याच्या तळहातावर ठेवली, आणि आपला उजवा अंगठा त्याच्यासमोर धरला.

“बांध.”