तेरावा व्हॉल्व्ह

एकदा एका जुन्या कारखान्यात एक व्यापारी बारा व्हॉल्व्हचा भाव ठरवायला आला. हे व्हॉल्व्ह साधे नव्हते. तीव्र आम्लाच्या नळांवर बसणारे, खास मिश्रधातूचे होते, आणि तो ते एका रसायन कंपनीला पुरवणार होता. तेवढ्याच वजनाचा व्हॉल्व्ह बाजारात चौथाई किमतीत मिळतो, हे त्याने तीनदा ऐकवले. त्याची मागणी हातची गेली असती, तर कारखान्याची भट्टी दोन महिने थंड राहिली असती.

भाव काढणारा तरुण इंजिनिअर हा तिथल्या वृद्ध मिस्त्रींचा शिष्य. मिस्त्रींना सगळे तात्या म्हणत. शिष्याने कागद पुन्हा तपासला. धातू हलका करता येत नव्हता, दाबाची चाचणी गाळता येत नव्हती. मात्र तात्यांचा एक रिवाज होता. बारांची मागणी असली की तेरा ओतायचे आणि एक उभा चिरून आत कुठे पोकळी राहिली आहे का ते पाहायचे. तशी पोकळी दाबाखाली फुटली, तर आम्ल थेट चाक फिरवणाऱ्याच्या तोंडावर उडते. गेल्या दोन वर्षांत चिरलेला एकही नग सदोष निघाला नव्हता. तेरावा वगळला तर भाव जमेल, असे शिष्याने सुचवले.

दुसऱ्या एका मागणीचे तेरा नग तिथे मांडले होते. त्यांतला सर्वांत सुबक नग तात्यांनी निवडला आणि करवतीखाली लावला. करवत थांबेपर्यंत व्यापाऱ्याचे दोन चहा झाले. आतला धातू निर्मळ निघाला.

व्यापारी हसला. "चांगला माल वाया घालवलात, तात्या. चिरायचाच होता तर एखादा ओबडधोबड तरी घ्यायचा."

"ओबडधोबडावर माझा संशय असतोच, शेठ. ज्याच्यावर विश्वास बसला, तोच तपासावा लागतो."

मग त्यांनी शिष्याला त्याच्या वडिलांविषयी विचारले. वडिलांनी आम्लाच्या कारखान्यात एकतीस वर्षे व्हॉल्व्हची चाके फिरवली होती. गेल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते.

"नजर कशी आहे त्यांची?"

"अजून सुईत दोरा ओवतात."

तात्या म्हणाले, "ज्या चाकांना ते रोज हात लावत, ती कोणी घडवली हे त्यांना ठाऊक नाही. कोणीतरी त्यांच्यासाठी एक चांगला नग चिरला असेल. तेव्हाही आत काही सापडले नसेल, आणि तेव्हाही कोणी हसले असेल. शेठ, तेरावा भावात राहील. परवडत नसेल तर राग नाही."

व्यापाऱ्याने चिरलेल्या नगाचा एक तुकडा उचलून हातात तोलला.

"हा अर्धा मी नेतो," तो म्हणाला. "तिकडच्या साहेबांना भाव समजावताना टेबलावर ठेवीन."

चौथ्या दिवशी मागणी आली, त्याच भावाने.

त्या संध्याकाळी शिष्य घरी गेला, तेव्हा वडील सदऱ्याचे बटण शिवत बसले होते. तो त्यांच्या पायांशी वाकला. आज काय विशेष, असे त्यांनी विचारले.

अपघात झाला की आपण मथळे छापतो, चौकशी मागतो, आणि ती मागितलीच पाहिजे. पण जो अपघात झालाच नाही, त्यामागच्या माणसाचे आभार मानायचे आपल्याकडून अजून राहूनच गेले आहेत.