टिटवीबाईंची माळावरची शाळा

मुलांनो, एका जंगलाच्या टोकाला खडकाळ माळ होता आणि त्या माळावर एक टिटवी शाळा चालवत असे. तित्तराची पिल्ले, सशाची पिल्ले, साळिंदराचे एक हट्टी पोर, अशी मोजकीच मुले. आभाळात घार दिसली की दगडांत दगड होऊन कसे बसायचे, हे ती त्यांना शिकवी. एके दिवशी सिंहाचा प्रधान कोल्हा दवंडी पिटत आला. "ज्या शाळेत मुले थोडी, ती शाळा बंद! एकटी टिटवी सगळे विषय थोडीच शिकवणार? सर्वांनी ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जावे!" टिटवीने ओढ्याकडे पाहिले. पावसाळ्यात तो ओढा हरणालाही ओलांडता येत नसे. मग सशाची पिल्ले शाळेत पोहोचणार कशी?

ती एकटीच दरबारात गेली. कोल्हा हसून म्हणाला, "ज्याची शाळा जाते, तो ओरडणारच. तुला मुलांची नाही, स्वतःच्या जागेची काळजी!" सगळा दरबार हसला. टिटवीला ते बोलणे फार लागले, पण ती घरी जाऊन रडत बसली नाही. सुतारपक्षी, खार, माकड अशा जंगलातल्या एकेका शिक्षकाला ती भेटली आणि सर्वांनी मिळून शिक्षकांचा संघ उभारला. मोठ्या शाळेच्या पाणमांजर गुरुजींकडे मात्र ती बिचकतच गेली. त्यांच्या शाळेतली मुले तर या हुकुमाने वाढणार होती! गुरुजींनी सगळे ऐकले आणि ते म्हणाले, "चला बाई, मीही येतो."

संघ दरबारात उभा राहिला. कोल्ह्याने पुन्हा तोच टोमणा मारला. तेव्हा गुरुजी पुढे झाले. "प्रधानजी, माझी शाळा तर मोठी होतेय. मग मी कशाला आलो असेन? त्या ओढ्यात मी रोज पोहतो. सशाचं पिल्लू त्यात टिकायचं नाही."

सिंहाने विचारले, "मग लहान शाळांत सगळे विषय शिकवायचे कोणी?"

"आम्हीच, महाराज," टिटवी म्हणाली. "मुलं आपापल्या जागी राहतील, शिक्षक फिरतील. गुरुजी माळावर येतील, मी ओढ्यापलीकडे जाईन. आमचं आपसांत ठरलंय."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कोणी विचारलंच नाही, महाराज."

सिंहाने हुकूम मागे घेतला. पुढे शाळेचा विषय निघाला, तेव्हा त्याने संघाला आधी निरोप धाडला. दरबारात कोल्ह्याला सरकून टिटवीला जागा द्यावी लागली. सिंह म्हणाला, "बाई, आधी तुम्ही बोला." टिटवीने मागे उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यांकडे एकवार पाहिले आणि ताठ मानेने बोलायला सुरुवात केली.

तात्पर्य : शाळेचे नियम ठरवताना शिकवणाऱ्यांना विचारावे, आणि शिकवणारे एकजुटीने मुलांच्या हिताचे बोलले, तर राजालाही ते ऐकावे लागते.