हिरडखिंडीतला नाइकाचा दगड

सांभाळून या, ती पायरी मोडकी आहे. आणि अगदी वेळेवर आलात हो! घटकाभरात ढोल वर चढले की या खिंडीत मुंगीला शिरायला जागा उरणार नाही. तोवर हा दगड नीट बघून घ्या. पुरुषभर उंच, ना नाक ना डोळे, एक अक्षर कोरलेलं नाही. आमच्या बारा गावांच्या पहिल्या नाइकाचा, सुभानजीचा हा दगड. आज चैत्री पौर्णिमा, त्याची जत्रा. बाकीच्या जत्रांत गुण गातात, आमच्या जत्रेत आधी नाइकाचा गुन्हा सांगतात, तोही त्याच्याच घरातल्या लेकीनं. मी भागुजी, त्याच घराण्यातला. आणि आज बोलणार आहे माझी लेक मंदा, पहिल्यांदाच! सकाळपासून येरझाऱ्या घालतोय तो मी, ती मजेत आहे. ही रीत कशी पडली ते ऐका.

फार जुनी गोष्ट. त्या काळी खोऱ्यावर गडावरच्या किल्लेदाराची हुकमत होती. तो माणसं वेठीला धरून नेई, ती परत येतील याचा भरवसा नसे. सुभानजी हा म्हशी राखणाऱ्याचा पोर. अंगठाबहाद्दर, तापट, पण छाती अशी की वाघानं वाट सोडावी. त्यानं बारा गावं उठवली. वरच्या रानात ठाकरांची वाडी होती, तेही त्याच्या बाजूनं उतरले. याच खिंडीत, म्हणे, त्यांनी दोन दिवस वरून धोंडे लोटले आणि किल्लेदाराची फौज जी पळाली ती पायताणं इथंच टाकून! लहानपणी आम्ही ती शोधत फिरायचो. अजून एकही सापडलेलं नाही.

मग प्रश्न आला, आता राज्य कोणाचं? लोक म्हणाले, पुन्हा राजा नको, आपला माणूस आपणच निवडू. घरटी एक नाचणीचं कणीस घ्यायचं आणि ज्याला मान द्यायचा त्याच्या पुढ्यात ठेवायचं. सुभानजीपुढची रास त्याच्या छातीला लागली, असं सांगतात. जन्मानं नव्हे, लोकांच्या हातून झालेला हा पहिला नाईक! त्याच्या सदरेला दार नव्हतं. शेणाच्या पायांनी कोणीही जावं, गाऱ्हाणं सांगावं. वेठ कायमची बंद झाली. हे सांगताना माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू?

आता पुढचं. गावं वाढली, जमीन पुरेना, आणि लोकांचे डोळे ठाकरांच्या रानावर गेले. नाइकानं हुकूम सोडला: आठ दिवसांत वाडी रिकामी करा, घाट उतरून कोकणात जा. ज्यांनी त्याच्यासाठी धोंडे लोटले त्यांनाच! ऐन पौषातल्या थंडीत ती माणसं उतरली. वाटेत म्हातारी गेली, तान्ही गेली. घाटातल्या एका वळणाला पाळण्याचं वळण म्हणतात. तिथून जाताना आमची माणसं बोलत नाहीत.

नाईक म्हातारा होऊन वारला. त्याला मुलगा नव्हता, एकच लेक, साळू; आमचं घराणं तिच्यापासूनचं. खोऱ्याची रीत अशी की थोर माणसाचा दगड वर्षश्राद्धाच्या आत उभा राहिला पाहिजे, आणि त्याच्या खड्ड्यात प्रत्येक गावानं आपल्या हातानं मूठभर माती टाकली पाहिजे. ज्याचा दगड आडवा राहिला, त्याचं नाव पुन्हा कोणी घेत नसे. साळूनं दगड आणवला, बारा गावांची माती पडली, दगड उभा केला. सकाळी बघतात तर आडवा! पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. वर्ष भरायला थोडेच दिवस उरले. साळूच्या तोंडचं पाणी पळालं. बापाचं नाव पुसलं जाणार, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत.

गुरव म्हणाला, "कुणाची तरी माती ऱ्हायली." मोजलं, तर बाराच्या बारा. चूक कोणाच्या ध्यानात येईना, कारण वाडी उठवली त्या दिवसापासून आमच्या लोकांनी ती मोजायचीच सोडली होती. साळूला मात्र आठवलं. लहानपणी त्या वाडीत ती करवंदं खाऊन आली होती.

लोक हसले. "अगं, तिथं आता आपलीच शेतं हायेत. घे पाटीभर!"

तिनं तिथली माती आणून टाकली. दगड पुन्हा आडवा. तेव्हा तिला कळलं, माती त्या माणसांच्याच हातची लागते.

साळू एकटी घाट उतरली. कोकणात एका ओढ्याकाठी तिला ठाकरांच्या झोपड्या सापडल्या, आणि बुधी नावाची म्हातारी भेटली. बुधीचा नवरा लखमा खिंडीच्या लढाईत होता, आणि तिचं तान्हं त्या वळणावर गेलं होतं. आपण कोणाची लेक ते सांगून साळूनं पदर पसरला. "आजे, बापाच्या दगडासाठी मूठभर माती दे." बुधीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "दीन माती. पर तुज्या बापानं काय केलं ते तू सांगायचं, समद्यांम्होरं. मी सांगितलं तर म्हणतील, वैरीण बोलली."

पौर्णिमेला बारा गावं इथं लोटली. दोर लावून दगड उभा धरला होता. बुधी मूठ मिटून उभी. साळू बोलू लागली, "माझ्या बापानं ठाकरांना हाकललं, लोकांना जमीन हवी होती म्हणून..."

दोर करकरले, दगड कलला! माणसं ओरडली. बुधीनं मूठ उघडली नाही.

"कारन नगं," ती म्हणाली. "झालं त्येवढं सांग."

साळूनं पुन्हा सुरुवात केली. "गावांनी त्याला गळ घातली होती..." दगड आणखी कलला. दोर धरणाऱ्यांच्या टाचा मातीत रुतल्या. साळू रडत होती. शेवटी तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "जी माणसं आपल्यासाठी लढली त्यांना माझ्या बापानं घरातून हाकललं. त्यांची लेकरं घाटात मेली. हे माझ्या बापानं केलं."

बुधीनं मूठ उघडली. माती खड्ड्यात पडली, आणि दगड, म्हणे, आपसूक सरळ झाला! दोर ढिले पडले. गावं जल्लोष करणार तोच बुधीनं हात वर केला.

"आता माजं ऐका. लडाईत माज्या दादल्याच्या मांडीत बाण घुसला. ह्योच सुभानजी त्याला पाठीवर घिऊन डोंगर चढला. ह्येबी त्यानंच केलं."

हे तिच्याकडं कोणी मागितलं नव्हतं. बारा गावांच्या माना खाली गेल्या.

रान परत मिळालं का, म्हणता? विचारा, विचारायलाच हवं. वाडीपुरती जागा मिळाली, बाकीची नाही. त्यावरून अजून भांडणं होतात.

आजही चैत्री पौर्णिमेला नाइकाच्या घरची लेक इथं उभी राहून त्याचा गुन्हा सांगते, आणि त्याचं चांगलं ठाकरवाडीचं माणूस सांगतं. नियम एकच, कारण द्यायचं नाही. जो देईल त्यानं खालच्या झऱ्यावरून जत्रेला पाणी आणायचं. सकाळी मंदा मला म्हणून दाखवत होती. मी मध्येच म्हणालो, "अगं, त्या काळी सगळीकडंच तसं..." तिनं मुकाट्यानं हंडा आणून माझ्यापुढं ठेवला! दोन खेपा झाल्या, खांदा दुखतोय.

ऐका, ढोल! ती बघा मंदा, हिरव्या लुगड्यात. तिच्यामागं ठाकरवाडीचा चांगो. टोप्या काढा आता. मंदा बोलेल तेव्हा मी मान खाली घालून ऐकेन, ते मला जमतं. पण चांगो पुढं येऊन आमच्या नाइकाचं चांगलं सांगू लागतो ना, तेव्हा इतकी वर्षं झाली तरी मला रडू आवरत नाही.