ओला थर

फार मागे, ओढ्यावरच्या पुलाखाली एक भिंगरी आणि तिचा नवरा पोटापाण्यातून उरल्या वेळात चिखलाचं घरटं बांधत होते. रोज एक थर लावला की नवरा फांदीवर निवांत बसे. भिंगरीचा जीव थाऱ्यावर नसे. अंडी घालायची वेळ जवळ आली होती.

"अहो, बसता काय नुसते?"

"अगं, आधीचा थर वाळू दे की!"

"तोवर माझी अंडी उघड्यावर पडतील!"

तिने एकटीनेच ओल्यावर ओले तीन थर चढवले. संध्याकाळी अख्खं घरटं ओढ्यात कोसळलं.

सकाळी दोघांनी पुन्हा पहिला थर लावला. मग भिंगरीही फांदीवर बसली, पंजे घट्ट रुतवून.

"आज रिकामीच का गं?" शेजारच्या खंड्याने विचारलं.

"रिकामी कुठली? घर बांधतेय."