गलबताचे खिळे

समुद्राकाठच्या एका गावात एक म्हातारा सुतार राहत असे. गलबते बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. खोटे थोडेच सांगत होता?

गावची एक रीत होती. नव्या गलबतात शंभर घरे एकेक वाटा घेत आणि प्रत्येक वाटेकरी आपल्या हाताने फळीत एक खिळा ठोकी. वाटा विकला की जुना मालक आपला खिळा उपटून नेई आणि त्याच भोकात नवा मालक आपला ठोकी.

त्या वर्षी गलबत तयार झाले आणि राजधानीहून दोन बातम्या आल्या. राजाच्या खजिन्याला पैसा हवा होता, म्हणून तिथल्या ठेवीवर व्याज दुप्पट झाले. शिवाय राजा अंथरुणाला खिळला होता. थोरला राजपुत्र बंदराची जकात माफ करू म्हणे, धाकटा तिप्पट करू म्हणे.

"घरबसल्या दुप्पट व्याज मिळतंय, मग समुद्राच्या भरवशावर कोण राहील?" तेली म्हणाला आणि वाटा विकायला काढून आपला खिळा आधीच उपटून घेऊन गेला. त्याच्यामागे इतरही निघाले. दहा मोहरांचा वाटा सहावर आला, तरी घ्यायला कोणी पुढे येईना. फळ्यांत तीस भोके रिकामी राहिली. अशी भोके घेऊन गलबत समुद्रात गेले असते, तर बुडालेच असते.

"बाबा, आपलाही वाटा विका," मुलगी काळजीने म्हणाली.

"भाव पडला तो बरोबरच पडला, पोरी. खजिना जास्त देतोय, तर आपला वाटा स्वस्त होणारच. गादीवर कोण बसेल, तेही मला ठाऊक नाही. पण या फळ्या माझ्या हातच्या आहेत."

सुताराने जन्माची शिल्लक काढली, तीसही वाटे घेतले आणि दिवसभर एकटा खिळे ठोकत बसला.

त्याचे ठोकणे चालू असतानाच कुंभारीण आपला खिळा उपटायला पक्कड घेऊन आली. "एवढा भाव पडला, म्हणजे लाकूडच सडलं असणार," ती म्हणाली.

"वाजवून बघ."

तिने फळीवर पक्कड आपटली. आवाज खणखणीत आला. तिने पुन्हा आपटून पाहिली आणि खिळा न काढताच घरी गेली.

गलबत निघाले. वाटेत मोठे वादळ लागले, तरी एकही खिळा ढिला झाला नाही. ते मालाने भरून परतले, तोवर थोरला राजपुत्र गादीवर बसला होता आणि खजिन्याचे व्याजही उतरले होते. वाटा पंधरा मोहरांवर गेला.

सारा गाव धक्क्यावर लोटला. कुंभारीण आपल्या खिळ्यावर हात ठेवून ताठ उभी होती. तेलीही बोटाने फळी चाचपत राहिला. त्याच्या जागी सुताराचा खिळा होता.

तात्पर्य एवढेच: भाव पडायला कारण असते, पण ते दर वेळी गलबतातच असते असे नाही. खिळा उपटण्याआधी फळी वाजवून पाहावी.