सुरमईचा दुसरा टप्पा

कासवबेटाच्या पुढ्यात, भर समुद्रात चाळीस पवनचक्क्या गरगरत होत्या. बेटावर मात्र संध्याकाळचे तीन तास डिझेलचं जनित्र धडधडे, मग सगळा अंधार. चक्क्यांची केबल बेटाला वळसा घालून थेट किनाऱ्याला गेली होती. पाहणीला आलेल्या वीज कंपनीच्या बोरवणकर साहेबांना सरपंच चांगुणाबायने कारण विचारलं.

"एवढी वीज तुमच्या चिमुकल्या बेटाला पेलायची नाही, बाई," साहेब मिशीत हसले. "आधी किनाऱ्यावर जाईल, तिथे तिचा जोर कमी करू, मग दुसऱ्या टप्प्यात तुमच्याकडे."

"बरं," म्हणत चांगुणाबाय चुलीकडे वळली.

दुपारी साहेब पानावर बसले. भाजलेल्या सुरमईच्या घमघमाटाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. परात आली आणि त्यांच्या नाकासमोरून तडक होडीकडे निघाली.

"अहो, कुठे नेताय?"

"किनाऱ्यावर. अख्खी सुरमई तुम्हाला पेलायची नाही, सायेब. तिथे तुकड्या करतील, मग दुसऱ्या टप्प्यात तुमच्या पानात."

"काय हा वेडेपणा! मासा इथला, खाणारा इथे बसलाय. एक विळी आणा आणि इथेच कापा की!"

चांगुणाबायने कोरा कागद पुढे सरकवला.

"हेच लिहून द्या, सायेब. माशाच्या जागी वीज घाला, आणि विळीच्या जागी जोर कमी करायचं ते यंत्र. जरा लवकर, होडी सुटतेय."