शाई संपलेलं पेन

“पण वाहिन्या उरल्याच नाहीत, तर उद्याचं ऑपरेशन थांबवायचं कशासाठी, बाई?”

डॉ. शार्दूल हसबनीसने यंत्रावर काढलेली डोळ्याची प्रतिमा टेबलावर ठेवली. सबंध काळी. तिच्यात एकही रेघ नव्हती.

हेर्लेकरबाईंनी ती निरखून पाहिली. “सुंदर आली आहे.”

शार्दूलला वाटलं, जिंकलो.

मिरजेच्या त्या लहानशा नेत्रालयात बाई चाळीस वर्षं डोळे तपासत होत्या, आणि तपासलेल्या प्रत्येक डोळ्याचं चित्र स्वतःच्या हाताने काढत होत्या. रक्तवाहिनी तांबड्या पेन्सिलीने, सूज निळ्या. शार्दूल बाहेरून शिकून आला तो नवं यंत्र घेऊनच, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला की चित्रं काढायचे दिवस गेले. बाई नुसत्या हसल्या. ते हसणं त्याला झोंबलं होतं.

समोरच्या स्टुलावर दस्तगीर सतारमेकर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचा एक डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. दुसऱ्यात सतारीचा भोपळा तासताना कपची उडाली आणि जखम चिघळली. डोळ्यावरच्या काचेत, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यात, एकही रक्तवाहिनी नसते, म्हणून तर ती काच. दस्तगीरभाईंच्या काचेत मात्र कडेने वाहिन्या शिरल्या आणि मधे पांढरा डाग धरला. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळे.

शार्दूलने सहा महिने औषधाचे थेंब घातले. वाहिन्या सुकल्या. आज नेत्रदानातून एक काच आली होती आणि ती बसवायला तो अधीर झाला होता. पण वाहिन्या शिल्लक असल्या तर शरीर नवी काच झिडकारतं. मग हा उरलेला डोळाही गेल्यातच जमा.

“यंत्र वाहतं रक्त टिपतं,” शार्दूल म्हणाला. “केसाएवढी धार असली तरी सुटत नाही.”

“खरं आहे.”

“मग?”

बाईंनी दस्तगीरभाईंची हनुवटी तपासणीच्या दिव्यासमोरच्या टेकूवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

मग कोरा केसपेपर ओढला. पेन्सिलींचा डबा शेजारीच होता, पण त्याला हात लावला नाही. खिशातलं एक जुनं पेन काढून त्यांनी सावकाश, दाबून दाबून चित्र काढलं आणि कागद शार्दूलपुढे धरला.

कागद कोराच होता.

“बाई, शाई संपली आहे.”

“नीट बघ.”

त्याने बघितलं. काही नव्हतं. त्याला बाईंच्या वयाची कीव आली, हे खरं.

बाईंनी कागद उचलून दस्तगीरभाईंच्या हातात दिला. “तुम्ही बघता?”

“मी काय बघनार, बाई...”

पण उभी हयात सतारीच्या तारांखालची घोडी घासून तारेचा झंकार, तिची जवारी, जुळवणारं ते बोट कागदावरून फिरू लागलं. एका जागी थबकलं.

“हितनं आत आल्यात,” दस्तगीरभाई म्हणाले. “दोन... न्हाई, तीन. मधली पुढं जाऊन फुटलीया.”

शार्दूलने कागद घेऊन खिडकीशी तिरका धरला. पेनाने दाबलेले तीन चरे उजेडात उठून दिसले.

तो दिव्यामागे बसला. नेमक्या त्याच जागी त्याने झोत टाकला. काही दिसेना. झोत वाढवला. तरी काही नाही.

मागून बाईंचा हात आला. त्यांनी एका बोटाने दिवा जरासा बाजूला सारला. झोत शेजारी पडला, मागच्या तपकिरी बुबुळावर, आणि तिथून परतलेल्या मंद उजेडात काचेतले तीन तंतू दिसू लागले. रक्ताचा थेंब नसलेल्या, पण जागच्या जागी शाबूत अशा रिकाम्या नळ्या. ऑपरेशनमुळे डोळा चिडला असता आणि याच वाटांनी रक्त परत आलं असतं. हे सगळं शार्दूलने पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

त्याला लाज वाटली. आणि बाईंबद्दल इतका आदर दाटून आला की भिंगावरून डोळा काढवेना.

“यंत्र चुकलं,” तो पुटपुटला.

“नाही. वाहतंय का, एवढंच तू त्याला विचारलंस.”

“म्हंजे उद्या न्हाई?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

शार्दूलने दिवा बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसला. “उद्या नाही, दस्तगीरभाई. ही काच यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. तुमच्या या वाटा आधी मुळाशी बंद करायच्या आहेत. वेळ लागेल... माझी चूक होणार होती.”



“लागू द्या वेळ, साहेब. घाईत घासलेली घोडी आमीबी फेकून देतो.”

बाई त्यांना हाताला धरून दारापर्यंत पोहोचवून आल्या. शार्दूल केसपेपर पुढे घेऊन बसला होता. त्याने डब्यातली तांबडी पेन्सिल उचलली, परत ठेवली. निळी उचलली, तीही ठेवली.

“बाई, रक्तच नाही. मग या वाहिन्या कोणत्या रंगाने दाखवू?”

बाईंनी ते जुनं पेन त्याच्या कोटाच्या खिशाला अडकवलं.

“रिफिल बदलू नकोस.”